उंबऱ्यावरचं तेल

हॅलोवीनच्या आधीच्या आठवड्यात शाळेत कुणाला तरी बोलावून पालकांना चार शब्द ऐकवायचे, अशी आयर्लंडमधल्या नास गावच्या त्या शाळेची रीत होती. कधी अग्निशमन दलाचा माणूस यायचा, कधी पोलिसांतलं कुणी. २०१३ साली मुख्याध्यापिकेने केतकीच्या आईला गाठलं. केतकीची आई डॉक्टर, त्यातही इमर्जन्सीतली. आणखी कोण हवं?

अलकनंदा रात्रपाळी संपवून थेट शाळेत आली होती. डोळे चुरचुरत होते. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर अवघडून बसलेल्या आयाबापांसमोर उभं राहून तिने सांगितलं, की त्या एका संध्याकाळी आमच्याकडे काय काय येतं. मुखवट्याच्या भोकातून बाजूचं दिसलं नाही म्हणून गाडीसमोर गेलेलं मूल. भोपळ्यातल्या मेणबत्तीने पेट घेतलेला झगा. उत्तर आयर्लंडातून चोरून आणलेला बंदीचा फटाका मुठीत फुटलेला मुलगा. तेव्हा मुखवट्याऐवजी तोंड रंगवा, झगा घोट्याच्या वर ठेवा, पायात ते खेळण्यातले प्लॅस्टिकच्या तळाचे बूट नकोत, रोजचे असू द्या. आणि ज्यांच्या दारात मुलं येणार त्यांनी दिवा लावा, पाला झाडा, पायरी कोरडी ठेवा.

मागून एका बापाने विचारलं, "समजा दुसऱ्याचं पोर माझ्या पायरीवर पडलं, तर कायद्याने कोण जबाबदार?"

"मी वकील नाही," अलकनंदा म्हणाली. "पण दिवा लावून तुम्हीच बोलावलंत ना त्याला? मग ते तुमचा पाहुणा. पाहुण्याची काळजी घरवाल्याने घ्यायची, एवढं तर कायदा म्हणतोच. माझ्या नवऱ्याने घराच्या विम्याचे कागद बारीक अक्षरांसकट वाचलेत. त्याला विचारा."

लोक हसले. दुसऱ्या रांगेत बसलेली ओर्ला सगळ्यांत मोठ्याने हसली, कारण ती शेजारीण होती आणि त्या नवऱ्याला, दिलीपला, ओळखून होती.

अलकनंदा मूळची बार्शीची. एमबीबीएस मिरजेत केलं, लग्न कऱ्हाडजवळच्या दिलीपशी. त्याला डब्लिनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली, त्याच्यामागून तीही आली आणि परीक्षा देऊन इथल्या सरकारी इस्पितळांत लागली. सुरुवातीची वर्षं सहा-सहा महिन्यांच्या करारांत गेली. स्लायगो, ट्रली, मलिंगार. दर जानेवारीत आणि जुलैत बॅग भरायची, नवं गाव, नवी खोली, नव्या नर्सना आपलं नाव उच्चारायला शिकवायचं. शेवटी तिने 'नंदा' एवढंच ठेवलं. कन्सल्टंट व्हायचं तर प्रशिक्षणाची जागा लागते, आणि त्या जागा आधी इथल्यांना, मग युरोपातल्यांना, मग उरल्या तर. उरत नसत. बार्शीहून आई फोनवर विचारायची, "मोठी डॉक्टर कधी होणार गं?" ती म्हणायची, "होईन की." पुढे आईने विचारायचं सोडलं, आणि नंदाला ते विचारण्यापेक्षा जास्त लागलं.

नासच्या इस्पितळात मात्र ती टिकली. घर त्याआधीच घेतलं होतं, सगळे घेत होते तेव्हा, भाव अगदी चढलेले असताना. वर्षभरात भाव कोसळले. विकून दुसरीकडे जायचीही सोय राहिली नाही. मग राहिलेच तिथे.

त्या घराची एक भिंत ओर्लाच्या घराशी सामाईक होती. ओर्लाचा नवरा डेक्लन गिलावा करणारा. बांधकामं थांबली तसा तो बरेच दिवस घरात बसला, आणि मग ऑस्ट्रेलियाला, पर्थला गेला. ओर्ला घरी दोन-तीन पोरं सांभाळून कमवायची. केतकी त्यांतली पहिली. केतकी चालायला शिकली नंदाच्या घरात आणि बोलायला ओर्लाच्या. मराठी तिला सगळं समजे, उत्तर मात्र तिथल्या किल्डेअर जिल्ह्याच्या सुरातल्या इंग्रजीत येई. ओर्लाची क्लोदा तिच्याच वर्गात होती. नंदाची ड्यूटी लांबली, दिलीपची गाडी हायवेवर अडकली, केतकीला ताप आला, तर फोन ओर्लाला. "यू'आर ग्रँड," ती म्हणायची, म्हणजे काही काळजी करू नकोस. नंदाचं सगळं घड्याळ त्या एका वाक्यावर चालत होतं.

त्या वर्षी सप्टेंबरात दिलीपच्या आई, वसुधाबाई, सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांच्या सामानात दिव्यासाठी म्हणून घाण्याच्या तिळाच्या तेलाची बाटली होती, तीन पिशव्यांत गुंडाळलेली. दिवाळी नोव्हेंबरच्या तोंडावर होती. हॅलोवीनच्या दिवशीच वसुबारस आली.

नंदाची ड्यूटी दुपारपासून होती. निघण्यापूर्वी तिने दारातला पाला झाडला, पायरीची फरशी पुसून घेतली, बाहेरचा गेलेला दिवा बदलला, भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवला. शाळेत सांगितलं ते सगळं स्वतःच्या दारात केलं.

"आई, पणती बाहेर नका ठेवू आज. पोरांचे झगे लांब असतात. खिडकीत ठेवा, आतून."

"बरं. किती येत्यात पोरं?"

"वीस-पंचवीस तरी."

"आन् भुताचे कपडे घालून येत्यात म्हणं. सणाच्या दिशी."

"त्यांचा सण तसाच आहे."

"आपली गाय-वासरं, ह्यांची भुतं. असू दे. आत बोलवून बसवायची का?"

"नाही हो. दारातच वाटी पुढे करायची, त्या गोळ्या घेतात आणि जातात."

"दारातनं तर मागायला येणाऱ्याला देत्यात," वसुधाबाई म्हणाल्या. त्यांना ते पटलेलं नव्हतं.

केतकी आरशासमोर गालावर मांजरीच्या मिशा काढत होती. "आजी, दे डोन्ट वॉन्ट टु कम इन. इट्स ट्रिक-ऑर-ट्रीट."

"व्हय बाई. तुझं खरं," वसुधाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. नंदाने चावी घेतली आणि निघाली.

संध्याकाळी सातच्या सुमारास इमर्जन्सीत पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रॉल्या कॉरिडॉरपर्यंत लागल्या होत्या. त्यात एक बाई लहान चेटकिणीला घेऊन आत आली. चेटकिणीचा उजवा हात छातीशी धरलेला, कोपर भलत्याच ठिकाणी. बाईने वर पाहिलं तेव्हा नंदाला कळलं की ती ओर्ला आहे.

"कुठे पडलीस, क्लोदा?"

"तुमच्याच घरी," क्लोदा म्हणाली. रडून तिच्या तोंडावरचा हिरवा रंग ओघळला होता. "केतकीच्या आजीने मला गोळ्या दिल्या. मी थँक यू म्हणाले आणि वळले आणि पडले."

नंदाने तिच्या मनगटाची नाडी पाहिली. लागत होती. मग तिने स्वतःचा अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करून दाखवला. "असं कर बघू." क्लोदाने करून पाहिलं. बोटं एकमेकांजवळ येत आणि चपटी पडत. कोपराच्या वरचं हाड मोडलं की तिथून जाणारी नस कधीकधी दबते, तेव्हा हा गोल होत नाही. नंदाने ते शेकडो वेळा पाहिलं होतं. हे वेगळं होतं, कारण खाली वाकल्यावर तिला वास आला होता. क्लोदाच्या डाव्या तळव्याला आणि बुटाच्या काळ्या चकचकीत तळाला तिळाच्या तेलाचा वास होता. इस्पितळात, फिनेलच्या आणि ओल्या कोटांच्या वासात, तिच्या स्वयंपाकघराचा वास.

 तिने हाताला आधाराची पट्टी बांधली, दुखायचं औषध दिलं, डब्लिनच्या मुलांच्या इस्पितळाला फोन केला. त्याच रात्री ऑपरेशन करून तारा घालाव्या लागणार होत्या. ॲम्ब्युलन्सपाशी ओर्लाने तिला मिठी मारली. "तू होतीस म्हणून बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदाने घराची पायरी पाहिली तर ती धुतलेली होती. भांडी घासायच्या लिंबाच्या साबणाचा वास येत होता.

"तेल होतं," दिलीपने स्वयंपाकघराचं दार लावून घेत सांगितलं. "आईने उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना घातलं. सणाच्या दिवशी दारात पाहुणे येणार, पोरं म्हणजे देवाघरची वगैरे. मी वर फोनवर होतो. खाली आलो तेव्हा ती पोरगी पडलेली."

नंदा खुर्चीवर बसली. तिच्या सासरच्या घरी उंबरा सागवानी होता. लग्नाच्या दिवशी ती त्यावरून आत आली तेव्हा सासूने असंच दोन्ही बाजूंना तेल घातलं होतं. लाकूड तेल पिऊन टाकतं. इथला उंबरा प्लॅस्टिकचा, आणि खाली चकचकीत फरशी. तिथे ते थेंब थेंब ओघळून पसरलं असणार, दिव्याच्या उजेडात पाण्यासारखं दिसलं असणार.

"ओर्लाला काय सांगितलंस?"

"पाला ओला होता म्हणालो."

"पाला मी झाडला होता, दिलीप."

"वाऱ्याने परत आला असेल. ऑक्टोबर आहे." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "अभिजितला विचारलं मी. तो म्हणाला, आधी गप्प बसा."

अभिजित दिलीपच्या ऑफिसातला, नागपूरचा. त्याच्या घरमालकाच्या पायरीवर एकदा पोस्टमन पडला होता, तेव्हापासून मंडळींत तो कायद्याचा जाणकार समजला जाई. दिलीपने फोन स्पीकरवर टाकला.

"वहिनी, भेटायला जा, माणुसकी आहे. फळं न्या. पण सॉरी नेऊ नका."

"म्हणजे?"

"म्हणजे पॉलिसीत स्पष्ट लिहिलंय, कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही. केली तर ते हात वर करतात. मग दावा सरळ तुमच्यावर, तुमच्या घरावर. ओल्या पाल्यावर कुणी घसरलं तर तो निसर्ग. तेलावर घसरलं तर दोष ते तेल घालणाऱ्या माणसाचा."

"ओर्ला माझ्यावर दावा करेल?"

"माणूस नाही करत हो, परिस्थिती करते. नवरा कुठे आहे तिचा? पर्थला. का गेला? मग."

नंदा उठून वर गेली. तिला झोप हवी होती.

त्याच महिन्यात इस्पितळात एक प्रशिक्षण झालं. दुपारच्या सुट्टीत, सँडविच खात खात. आलेली बाई पडद्यावर चित्रं दाखवत म्हणाली, की रुग्णाच्या बाबतीत चूक घडली तर लपवू नका, जाऊन सांगा, सॉरी म्हणा. माणसांना बहुधा खटल्यापेक्षा खरं काय झालं तेच हवं असतं. शेजारची नर्स मान डोलवत होती. नंदाने सँडविचच्या कडा कागदात गुंडाळल्या. इस्पितळ म्हणत होतं बोला, विमा म्हणत होता बोलू नका, आणि ती दोघांनाही बांधील होती.

ओर्लाकडे ती गेली. फळं नेली. क्लोदाच्या प्लॅस्टरवर केतकीने मांजर काढून दिलं. नंदाने प्लॅस्टरच्या बाहेर आलेली बोटं दाबून पाहिली, सूज पाहिली, "बरं होईल" म्हणाली, आणि ड्यूटीला उशीर होतोय सांगून उठली. ड्यूटीला अजून दोन तास होते. ती गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर ती ओर्लाच्या घरात जाईना. शाळा सुटल्यावर केतकीला ओर्लाच घेऊन येई, एक हात अडकलेल्या मुलीला सांभाळून, आणि चहा-जेवण घाली, जसं नेहमी. नंदा दारातूनच हाक मारी. "चहा?" ओर्ला विचारायची. "आज नको, दमलेय." ते खोटं नव्हतं. म्हणून तर ते पुन्हापुन्हा म्हणता येत होतं.

घरी वसुधाबाईंनी लक्ष्मीपूजन केलं, पाडवा केला. पण दाराकडे त्या फिरकल्या नाहीत. रांगोळीसुद्धा आत देवासमोर काढली. नंदाला वाटलं, थंडी. एकदा त्या म्हणाल्या, "त्या पोरीच्या कोपराला कोमट तेल चोळलं तर मोकळा व्हईल. मी जाऊ का?"

"नाही, आई. मोडलेल्या कोपराला चोळायचं नसतं, आत नको तिथे हाड धरतं. तेल नको." ती थांबली. "तेल नकोच आता."

वसुधाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि निवडत असलेली मेथी पुढे ओढली.

नोव्हेंबरच्या अखेरीला तारा निघाल्या, प्लॅस्टर निघालं. डिसेंबरात एका संध्याकाळी नंदा केतकीला न्यायला गेली तर दार उघडंच होतं आणि आतून कुणी आलं नाही. मुली वरच्या खोलीत होत्या. ओर्ला स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोरचा लॅपटॉप नुकताच बंद केलेला. डोळे लाल.

"डेक्लनशी बोलत होते," ती म्हणाली. "बस ना. एकदा तरी बस."

नंदा बसली. ओर्लाने उठून कपाटातून, ज्याला ती प्रेस म्हणायची, दोन कप काढले. एक ठेवून दुसरा हातातच धरून उभी राहिली.

"फिजिओवाली म्हणते, नस यायला महिने लागतील. येईल बहुतेक. बहुतेक. क्लोदा डाव्या हाताने लिहिते वर्गात. बटण लावता येत नाही तिला. डेक्लन विचारतो, तू काय करत होतीस? तुला ते बूट दिसले नाहीत?"

"कुठले बूट?"

"चेटकिणीचे. प्लॅस्टिकचे. तिने हट्ट केला म्हणून मी घेतले." ओर्लाने कप खाली ठेवला. "तू शाळेत सांगितलं होतंस, नंदा. मी दुसऱ्या रांगेत होते. ते बूट नकोत म्हणालीस आणि मी मान हलवली. घरी येऊन तेच बूट घातले तिला. एका संध्याकाळचा प्रश्न, असं म्हणाले. रोज रात्री मला ते बूट दिसतात. तू इतके दिवस आत येत नाहीस, मला वाटलं तूही हाच विचार करतेस. तोंडावर बोलत नाहीस एवढंच."

वरून मुलींच्या हसण्याचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा. दोघींनी छताकडे पाहिलं. पुन्हा हसणं ऐकू आलं तशा दोघी सैल झाल्या.

नंदाच्या मनात अभिजितचं सगळं बोलणं होतं. घर होतं, अजून अर्धंही न फिटलेलं. वरच्या मजल्यावरचं हसणंही होतं, जे उद्यापासून कदाचित या घरात असणार नव्हतं. आणि तिला एवढं कळत होतं की आज गप्प राहिलं, तर आपण पायरीवरचं तेल या बाईच्या अंगाला पुसून मोकळ्या होणार.

"बूट नव्हेत," ती म्हणाली. "तेल होतं."

"कसलं तेल?" ओर्लाने विचारलं.

"माझ्या सासूने उंबऱ्यावर तेल घातलं होतं. त्या दिवशी आमचा सण सुरू झाला. पाहुणा येणार असला की दाराच्या दोन्ही बाजूंना तेल घालतात आमच्याकडे. तिच्यासाठी ती पोरं पाहुणी होती. ते फरशीवर ओघळलं. क्लोदा त्यावरून घसरली. रोजचे बूट असते तरी घसरली असती."

"पाला म्हणाला दिलीप."

"पाला नव्हता. मी झाडला होता."

"तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. तिच्या हाताला वास होता."

ओर्ला खुर्चीवर बसली. तिने टेबलावरच्या कपाची कडा बोटाने पुसली. "ॲम्ब्युलन्सपाशी मी तुला मिठी मारली," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो. सॉरी, ओर्ला. हा शब्द बोलू नकोस म्हणून मला सांगितलंय, विम्यामुळे. मला तो आधीच बोलायला हवा होता."

"मी महिनाभर त्या बुटांना शिव्या घालतेय. स्वतःला घालतेय." ओर्लाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "डेक्लनला सांगावं लागेल मला."

"सांग."

"तो वकिलाकडे जा म्हणेल."

"जा. हात तिचा आहे. उद्या आणखी काही करावं लागलं तर पैसे तू कुठून आणणार आहेस? तेल घातलेलं होतं हे जो विचारेल त्याला मी सांगेन."

ओर्लाने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. "आज केतकीला घेऊन जा," ती म्हणाली. "मला आता तुझ्याशी बोलवत नाही."

घरी दिलीपने ऐकून घेतलं. तो ओरडला नाही. ओरडायला दोघांतही ताकद नव्हती. "निदान कंपनीला आधी फोन करू द्यायचास," एवढंच म्हणाला. "आता ते म्हणतील तुम्ही आमच्या पाठीमागे कबूल केलंत."

"म्हणू देत. उद्या फोन कर. काय झालं तेच सांग. साबणाने धुतलंस तेही."

"धुतलं ते दुसरं कुणी घसरू नये म्हणून."

"ठाऊक आहे मला. तेही सांग."

जिन्याखालच्या खोलीच्या दारात वसुधाबाई उभ्या होत्या. नंदाला वाटलं, यांना आता सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार.

"पोरीच्या आईला सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला न्हाई तर कुणाला? माझ्या म्होरं पडली ती. मी दिलपाला तवाच म्हणलं, माझ्या तेलानं पडलं लेकरू, जाऊन सांगू. तर हा म्हणला, गप बस, घर जाईल. म्हून बसले." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तू पणती नको म्हणालीस, म्या पणती न्हाई लावली. तेलाचं तू बोलली न्हाईस, नंदा. आन् मला तरी कुठं सुचलं, हितला उंबरा तेल पीत न्हाई."

"नाही बोलले," नंदा म्हणाली. "मलाही नाही सुचलं."

फोन झाला. कंपनीच्या बाईने दिलीपला बरंच सुनावलं, मग सगळं पुन्हा सावकाश विचारून घेतलं. नाताळानंतर त्यांचा माणूस येणार होता, पायरी बघायला, आजींशी बोलायला. भाषांतर करायला घरचं माणूस चालणार नाही म्हणाले. विमा भरपाई देईल की कबुलीचं कारण दाखवून अंग काढेल, ते तेव्हाच कळणार होतं. "इचारू दे," वसुधाबाई म्हणाल्या. "हाय ते सांगीन."

दोन दिवस केतकी इस्पितळाजवळच्या पाळणाघरात गेली आणि दोन्ही दिवस रडत आली. तिसऱ्या दिवशी सकाळी ओर्लाचा मेसेज आला. 'केतकीला सोमवारपासून पाठव. क्लोदा जेवत नाही तिच्याशिवाय. मी अजून चिडलेली आहे.' नंदाने तो कामावर जाताना गाडीत वाचला, आणि सिग्नल हिरवा झाला तरी मागच्याने हॉर्न देईपर्यंत तिथेच थांबली.

वकिलाचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. साधं, दोन परिच्छेदांचं. अमुक तारखेला आपल्या आवारात, आपल्या निष्काळजीपणामुळे, अल्पवयीन बालिका. नंदाने ते उभ्याउभ्या वाचलं. निष्काळजीपणा या शब्दाशी तिची नजर जरा अडली. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या लेकरांची काळजीच करत आली होती, ते नुसतं करून चालत नव्हतं तर. तिने पत्र दिलीपच्या बॅगेवर ठेवलं आणि रात्रपाळीला गेली.

रात्रभर कडाक्याची थंडी पडून दव गोठलं. हाडं मोडलेली म्हातारी माणसं पहाटेपासून येत राहिली. सकाळी नंदा परतली तेव्हा आळीतल्या सगळ्या पायऱ्या काचेसारख्या चमकत होत्या. ती गाडीतून उतरून, एकेक पाऊल जपून टाकत, दाराशी आली. पायाखाली करकर वाजलं. पायरीवर जाडं मीठ पसरलेलं होतं, कडेपासून कडेपर्यंत, उंबऱ्याच्या दोन्ही कोपऱ्यांत तर जरा जास्तच. शेजारी ओर्लाच्या पायरीवरही तसंच होतं.

दार वसुधाबाईंनी उघडलं. त्या खाली बघत होत्या.

"दारात मीठ कुणी टाकलंया गं? नजर काढून टाकल्यागत. पायानं उडवू नगंस."

केतकी शाळेचा कोट चढवत मागे आली. "ओर्ला डिड इट, आजी. क्लोदा हेल्प्ड. विथ द बॅड हँड."

"कशापायी?"

"घसरू नये म्हणून टाकतात, आई," नंदा म्हणाली. "बर्फ वितळतो त्याने."

वसुधाबाईंनी वाकून मिठाचा एक खडा उचलला. "आपल्यावर दावा लावला न्हाई का तिनं?"

"लावलाय."

"आन् मीठबी टाकलं."

"हो."

भिंतीपलीकडचं दार उघडलं. ओर्ला क्लोदाला घेऊन बाहेर आली. क्लोदाने केतकीला हाक मारली आणि उजवा हात वर केला. अंगठा आणि बोट एकमेकांकडे आले, थरथरले, पण टोकं भिडली नाहीत. नंदाने ते पाहिलं, ओर्लाने नंदाला पाहताना पाहिलं.  ओर्लाने केतकीसाठी हात पुढे केला आणि तिघी मिठावरून करकर पावलं टाकत शाळेकडे गेल्या.

नंदाने बूट दाराबाहेरच काढले, तळाचं मीठ आत येऊ नये म्हणून. मग तिने ते पुन्हा उचलले, कुणी त्यांना अडखळू नये म्हणून, आणि हातात धरून आत गेली.